गळ्यात मींड आहे, मग तार कोणती घ्यायची?

पत्र: मी ४३ वर्षांची, सांगलीत हायस्कूलला गणित शिकवते. लहानपणी पाच वर्षं गाणं शिकले, लग्नानंतर सुटलं. धाकट्या भावाची कॉलेजातली गिटार माळ्यावर पडून होती, ती जूनमध्ये खाली काढली. तीन महिने झटते आहे. बोटांच्या टोकांना चरे पडतात आणि एफ कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचा तो स्वरांचा गुच्छ, काही केल्या वाजत नाही. दुकानात विचारलं तर म्हणाले, “मॅडम, आधी दोन वर्षं अकूस्टिकवर हात बसवा, मग इलेक्ट्रिकचं बघू.” मुलगा म्हणतो, इलेक्ट्रिकच घे. मला खरं तर सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांत मधेच येणारे ते लांबत जाणारे, वाकणारे सूर वाजवायचे आहेत. कॉर्ड धरून गुणगुणायलाही आवडतं. वेळ मिळतो तो रात्री दहानंतर, घर झोपल्यावर. खर्च वीस हजारांपर्यंत करू शकते. आणखी एक, भावाचा मित्र गिटारच्या लाकडावर तासभर बोलतो, मला त्यातलं काही ऐकू येत नाही. माझा कान कच्चा आहे का?

ताई,

नव्या गिटारचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा आणि आज रात्री कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसा. तुमच्या पत्रातले ‘काही केल्या’ हे दोन शब्द मला खटकले. पाच वर्षं गाणं शिकलेली बाई तीन महिने नेमाने हात धरते आणि तरी एफ वाजत नाही, तेव्हा मी बोटांआधी गिटारवर संशय घेतो.

गिटारच्या लांब दांड्याला नेक म्हणतात आणि त्यावर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे जिथे नेकवर बहुधा दोन ठिपके असतात तिथे, पट्टी उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते बघा. पट्टीच्या कडेला शून्याआधी जी मोकळी जागा असते ती वजा करायला तुम्हाला सांगायला नको. अकूस्टिकवर अडीच मिलिमीटरच्या आसपास भरलं तर उत्तम, तीनपर्यंत चालवून घ्या. साडेतीन-चार भरलं तर त्या गिटारवर कुणाचीही बोटं सोलपटतील. माळ्यावर ताणलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडलेल्या गिटारच्या तारा अशा फ्रेटपासून वर उचलल्या जातातच. सहा तारांचा मिळून ताण साध्या बाराच्या सेटला (म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या बारा सहस्रांश जाड) सत्तर किलोंच्या पुढे असतो. तो दिवसरात्र नेकला ओढत राहतो.

मग दुसरी तपासणी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते डोळा जवळ नेऊन पाहा. वहीचा कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. त्याहून जास्त असेल तर डोक्याकडची पांढरी पट्टी, जिला नट म्हणतात, तिच्या खाचा उथळ आहेत आणि तारा उगाच उंचावर बसल्या आहेत. एफ कॉर्ड नटला खेटून, पहिल्याच फ्रेटवर धरायची असते, त्यामुळे या उंचीचा सगळा भुर्दंड तिथेच पडतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. अडतिसाव्या वर्षी मीही तुमच्यासारखाच एफपाशी अडलो होतो आणि गिटार विकायला काढली होती. विकण्याआधी तारा बदलाव्यात म्हणून मुंबईत एका दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी ती वाजवलीसुद्धा नाही. तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं, पहिल्या फ्रेटपाशी तार टिचकीने दाबली, ‘टक’ असा आवाज आला. “फार वर आहे,” एवढंच म्हणाले. तारा ढिल्या करून त्यांनी नटच्या खाचांतून बारीक कानस फिरवायला सुरुवात केली. चार-पाच वेळा पुढेमागे, मग फुंकर, मग तार परत बसवून तीच टिचकी. हाडाची पांढरी पूड त्यांच्या अंगठ्यावर साचली होती आणि दाताच्या दवाखान्यात येतो तसा जळका वास सुटला होता. वीस मिनिटांनी त्यांनी गिटार माझ्या हातात दिली. एफ वाजली. सहाही तारा वाजल्या. त्या दिवसानंतर मी गिटार विकायचं नाव काढलं नाही, आणि आजही कुणी “माझ्या बोटांत जोर नाही” असं म्हणालं की मी आधी पट्टी मागतो.

तुम्ही तर सांगलीत राहता, मिरज शेजारी. सतारमेकर मंडळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याची घोडी घासत आली आहेत; मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची जवारी लावताना तार घोडीच्या रुंद, किंचित कललेल्या पाठीला जेमतेम घासत राहील असं बघतात, त्यातूनच तो भरलेला, सळसळता नाद येतो. गिटारवर उलट. तिथे तार एका अरुंद कडेवरून स्वच्छ सुटायला हवी, कुठे घासली तर तो दोष. तुम्ही तंबोऱ्याच्या सोबतीने गायला आहात, त्यामुळे फ्रेटवर तार घासल्याचा ‘झर्रर्र’ तुम्हाला कुणीही न सांगता ऐकू येईल. सेटअप, म्हणजे तारांची उंची बसवून घेण्याचं काम, करून घेताना ही ओळख कामाला येईल: तारा इतक्या खाली आणायच्या की हात सुखावेल, पण घासण्याचा आवाज सुरू होण्याआधी थांबायचं. कुठल्याही कारागिराला एवढं समजावून सांगितलं तरी पुरे. या कामाला तारांसकट हजार-दोन हजार रुपये धरून चाला. तारा बाराच्याऐवजी दहाच्या सेटच्या टाकायला सांगा. ताण साठ किलोंच्या आसपास येतो आणि आवाज थोडा बारीक झाला तरी बोटं सुटतात.

एक गोष्ट मात्र त्याआधी बघायची. भावाची गिटार कोणत्या जातीची ते तुम्ही लिहिलेलं नाही. डोक्याला दोन लांब खाचा आणि आत आडव्या, जाड पांढऱ्या नळ्या असतील, नेक चांगला पाच सेंटिमीटर रुंद असेल, तर ती क्लासिकल गिटार. ती नायलॉनच्या तारांसाठी बांधलेली असते आणि त्या तारांचा ताण स्टीलच्या जवळपास निम्मा. अशा गिटारला हौसेने स्टीलच्या तारा लावलेल्या मी किती तरी घरांत पाहिल्या आहेत. पोटावर तारा जिथे अडकवतात तो ब्रिज हळूहळू उखडतो, पोट फुगतं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर तारा लगेच उतरवा.

आता दुकानातल्या त्या ‘दोन वर्षांच्या’ सल्ल्याबद्दल. तो मला मुळीच पटत नाही. अकूस्टिक म्हणजे बालवाडी आणि इलेक्ट्रिक म्हणजे पहिली, असा काही क्रम नाही. ती दोन वेगळी वाद्यं आहेत, त्यांच्या तारा सारख्या जुळवतात एवढंच. हार्मोनियम आणि ऑर्गनच्या पट्ट्या सारख्या असतात, म्हणून कुणी एक दुसऱ्याची पूर्वतयारी मानत नाही.

दोन्हींत फरक कुठे पडतो ते बघा. तारेला छेडलं की तिच्यात ठरावीक जोर साठतो. अकूस्टिकचं वरचं पातळ फळकूट तो जोर भराभर हवेत सोडून देतं. म्हणून आवाज मोठा, आणि म्हणूनच तो लवकर विरतो. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार हवेला जवळजवळ काहीच देत नाही, तार आपल्यापाशीच जोर राखून थरथरत राहते. तारेखाली पिकअप असतो: लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज उमटते, ऍम्प ती मोठी करतो. तुमच्या विज्ञानाच्या सहकारी बाई मायकेल फॅराडेचा जो धडा शिकवतात, तोच इथे रोज वाजतो. तुम्हाला हवा असलेला ‘लांबत जाणारा’ सूर या भरीव लाकडातून येतो.

आणि वाकणारा सूर? त्याला आपल्याकडे शब्द आहे, मींड. गिटारवर डाव्या हाताने तार बाजूला ढकलून स्वर वर चढवतात. अकूस्टिकवर तिसरी तार (बारीक तारेकडून मोजत) बहुधा दुसऱ्या तारेने गुंडाळलेली असते, शिवाय ताण मोठा, त्यामुळे पूर्ण एक स्वर वर चढवताना नवशिक्याचं बोट अर्ध्यातच हरतं. इलेक्ट्रिकच्या नवाच्या सेटमध्ये तीच तार साधी, बारीक असते आणि सहाही तारांचा मिळून ताण चाळीस किलोंच्या आत. तिथे तुमचं बोट पोहोचेल. तुम्हाला गाण्यातून ही गोष्ट आधीच मिळालेली आहे, ताई, आणि तीच इतरांना सगळ्यात उशिरा मिळते. तार किती ढकलायची हे बोटाला कळत नाही, कानाला कळतं. इलेक्ट्रिक हाती आली की पहिल्याच रात्री हे करा: तिसरी तार नवव्या फ्रेटवर वाजवा, तो स्वर मनात घट्ट धरा. मग सातव्या फ्रेटवर तीच तार छेडून तिला वर ढकलत त्या स्वरापाशी न्या. एका बोटाने नाही, अनामिकेमागे मधलं आणि पहिलं बोट जोडून, मनगट वळवून. रिषभावरून गंधाराला जाताना गळा जसा शेवटच्या क्षणी सावकाश टेकतो तसं टेका. हार्मोनियमवर हे कधीच करता आलं नसतं.

तुमच्या आवडत्या गाण्यांतले काही वाकणारे सूर मात्र बोटाने ढकललेले नाहीत, हे ऐकताना ध्यानात असू द्या. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी सरकवतात, तिथे स्वर फ्रेटवर अडतच नाही. हझारा सिंग आणि व्हॅन शिपले यांनी हिंदी गाण्यांच्या चाली याच वाद्यावर घरोघरी पोहोचवल्या, आणि पंडित ब्रिजभूषण काब्रांनी तर त्यावर सबंध राग मांडले. खरं म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा जन्मही याच घराण्यातला. १९३१-३२च्या सुमारास कॅलिफोर्नियात ॲडॉल्फ रिकनबॅकर आणि त्यांच्या साथीदारांनी जी पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार केली, ती मांडीवरची हवाईयनच होती. तेव्हा एखादा सूर तुम्हाला बोटाने जमेना तर तो कांडीचा आहे का, हे आधी ऐका. भूपिंदर सिंग यांना आपण गायक म्हणून ओळखतो. पंचमदांच्या वाद्यवृंदातले ते गिटारवादकही होते. ज्याच्या गळ्यात आणि हातात दोन्हीकडे सूर आहे असा माणूस कसा वाजवतो, यासाठी त्यांची गिटार शोधून ऐका.

तर माझा कौल असा. भावाची गिटार दुरुस्त करा आणि सुट्टीच्या दुपारी गुणगुणायला ठेवा. नवी घ्याल ती इलेक्ट्रिक घ्या. रात्री दहानंतरचा तुमचा वेळ पाहता तर प्रश्नच मिटतो. ऍम्पला न जोडता वाजवली की शेजारच्या खोलीत पत्ता लागत नाही, आणि हेडफोन लावले की पूर्ण आवाज फक्त तुमच्या कानात.

वीसही हजार गिटारवर घालू नका, ही चूक फार होते. गिटारला बारा-तेरा हजार, हेडफोनची सोय असलेला छोटा ऍम्प, केबल आणि पट्टा यांना चार-पाच, उरलेले दोन्ही गिटारींच्या सेटअपला. हो, नव्या गिटारलाही सेटअप लागतो. यामाहाची पॅसिफिका आणि फेंडरच्या घरातलीच स्वस्तातली स्क्वायर, या दोन नावांच्या सुरुवातीच्या गिटारी हौशी माणसाला वर्षानुवर्षं पुरतात. नवी आवाक्याबाहेर जात असेल तर वापरलेली बघा, पण तिचे फ्रेट तारेखाली खोल झिजलेले नकोत. ब्रिजला स्वर हलवायची दांडी असेल तर पहिलं वर्ष ती काढून ठेवा, सूर उतरण्याची निम्मी कटकट वाचेल.

दुकानात बसून वाजवून बघा, उभं राहून नाही. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा, दुकानदार कंटाळला तरी चालेल. मग बाराव्या फ्रेटची तपासणी, जी तुम्हाला आवडेल. गिटारचा पहिला फ्रेट कुठे ठोकायचा हे दोनचं बारावं मूळ ठरवतं. ६४८ मिलिमीटर लांबीची तार घ्या, तिला १७.८१७ने भागा, ३६.३७ आलं, तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, दुसरा. असं बारा वेळा केलं की बरोबर ३२४वर, अर्ध्यावर येता. पण तार दाबली की थोडी ताणली जाते, म्हणून ब्रिजवर ती भरपाई करावी लागते. बाराव्या फ्रेटच्या वर तारेला नुसतं बोट टेकवून जो षड्ज घुमतो, आणि तिथेच दाबून जो येतो, ते दोन्ही एक असले पाहिजेत. तुम्हाला ट्यूनर लागणार नाही.

याच गणितामुळे तुम्हाला एक त्रास होणार आहे, तो आधीच सांगतो. सगळ्या फ्रेटांची वाटणी सारख्या प्रमाणात केल्यामुळे गिटारचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, एका अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने. ज्यांनी गाणं शिकलेलं नाही त्यांना तो टोचत नाही. तुम्हाला टोचेल, तुम्ही दुसरी तार उतरवून तो गोड कराल, आणि दुसरी कॉर्ड धरताच गिटार बेसूर वाटेल. तिथे हात आवरा. गिटार एका कॉर्डला पूर्ण गोड करता येत नाही, सगळ्यांना थोडं थोडं द्यावं लागतं.

हे वाचून तुम्हीच सांगा, तुमचा कान कच्चा कसा? लाकडाबद्दल तुम्हाला ऐकू येत नाही त्याचं कारण बरंचसं लाकडातच आहे. २०१८मध्ये ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा अकूस्टिक गिटारी मुद्दाम एकसारख्या बांधून घेतल्या, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं. मग ५२ गिटारवादकांना, कोणतं लाकूड ते दिसू न देता, त्या वाजवायला दिल्या. महाग लाकूड त्यांना नीट ओळखता आलं नाही, आवडीनिवडीतही फारसा फरक पडला नाही. मला स्वतःला शिसवीचं फार प्रेम आहे. आपल्या पश्चिम घाटातली शिसवी जगभरच्या गिटारींच्या पाठीला असते. ब्राझीलचं तसलं लाकूड दुर्मीळ झालं तेव्हा १९६९च्या सुमारास अमेरिकेतली मार्टिन कंपनीही तिच्याकडे वळली. हातात घेतली की तिचा जांभळट तपकिरी रंग आणि रेषा बघत बसावंसं वाटतं. ते प्रेम डोळ्यांचं आहे, हे कबूल केलं म्हणून ते कमी होत नाही. भावाच्या मित्राला तेवढं सुख घेऊ द्या.

ऐकू येणारे फरक वेगळे आहेत आणि ते शिकायला एक संध्याकाळ पुरते. अकूस्टिकवर एकच तार आधी ब्रिजजवळ, मग भोकावर, मग नेकच्या टोकाशी छेडा. काचेसारखा कडक सूर हळूहळू मऊ, गोल होत जाईल. इलेक्ट्रिकवर हेच काम एक छोटी कळ करते, कारण तिथे दोन-तीन ठिकाणी पिकअप बसवलेले असतात. पुढे एकेरी वेढ्याचा पिकअप आणि जोडवेढ्याचा हंबकर यांत फरक करा. पहिला टोकदार, दुसरा भरदार. एकेरी पिकअप घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुणही पकडतो. दोन वेढे उलटसुलट जोडून ती घालवली म्हणून हंबकर हे नाव. अकूस्टिकचं वरचं फळकूट, खोक्याचा आकार, तारा नव्या की गंजलेल्या, हेही कुणालाही ऐकू येतं. सांगलीच्या पावसाळ्यात घामाच्या बोटांनी वाजवलेल्या तारा दोन महिन्यांत मुक्या होतात. वाजवून झालं की जुन्या सुती कापडाने पुसत जा.

आकाराचा विषय निघालाच आहे तर, भावाची गिटार मोठ्या खोक्याची ड्रेडनॉट असेल आणि उजवा खांदा भरून येत असेल, तर तो दोष तुमच्या बसण्याचा नाही. ते खोकं खाली सुमारे ४० सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर खोल असतं. पुढे कधी अकूस्टिक बदलाल तर कमरेत बारीक, कमी खोलीची घ्या.

सरावाचं थोडक्यात. सलग तास नको, पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवा, मध्ये नाही. बोटं ओली असताना वाजवू नका, भांडी घासून लगेच तर नाहीच, चरे त्यानेच पडतात. गिटार उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मी मे महिन्यात दोन तास ठेवली होती आणि ब्रिजचा सरस सुटला.

इलेक्ट्रिक जोडल्यावर येणारी गुणगुण तारांना हात लावताच कमी झाली तर घाबरू नका, तसंच व्हायला हवं. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बंद करा आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पट्टीवर किती मिलिमीटर भरले ते कळवा, सोबत गिटारच्या डोक्याचा एक फोटो पाठवा. ती क्लासिकल निघाली आणि तारा स्टीलच्या असल्या, तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्या आज रात्रीच ढिल्या करा.